उघड्या डोक्याचा राष्ट्राध्यक्ष

लग्न होऊन मी पुण्याहून बसवनगुडीत आले, तेव्हा सासरी फार तर कन्नडशी जुळवून घ्यावं लागेल असं मला वाटलं होतं. अमेरिकेशीही जुळवून घ्यावं लागेल, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सासरचं घर बेंगळूरचं जुनं मराठी घर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तारखात्यातून निवृत्त झालेले. शेजारचे अण्णा कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. दोघे लहानपणापासूनचे मित्र. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर कॉफी पीत ते अमेरिकेवरून भांडत. दोघांनी समुद्र पाहिला होता तो मद्रासला, तोही एकदाच.

अण्णांचा तिथल्या तरुण राष्ट्राध्यक्षावर भारी जीव. मामंजींना तो साफ नापसंत, आणि मुख्य तक्रार टोपीची. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक फोटोत हा गृहस्थ उघड्या डोक्याने! "एवढ्या मोठ्या देशाचा यजमान हा. डोक्यावर काही नको?" मामंजी स्वतः काळ्या टोपीशिवाय फाटकापर्यंत जात नसत. टोपीनंतर बाकीचं निघे. सरकारने रस्ते आणि पोलीस सांभाळावेत, लोकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नये. घरचं भांडण मिटत नाही आणि निघाले चंद्रावर. आणि आठवड्याचं शिळं फ्रिजमध्ये ठेवून खाणाऱ्यांनी जगाला ताजे विचार शिकवावेत, हे तर त्यांना मुळीच मंजूर नव्हतं.

खरं सांगते, मीही मामंजींच्याच पक्षाची. नवं म्हणजे चांगलंच, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. नवी घागरसुद्धा मी आधी पाणी भरून बघते, गळते का म्हणून. पण नवी सून होते, त्यामुळे कॉफी ठेवायची, कान ओट्यावर सोडायचे आणि मुकाट्याने आत जायचं.

अण्णांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत शिकायला गेला होता आणि शिक्षण संपल्यावर तिथेच नोकरीला लागला होता. हा विषय ओट्यावर कुणी काढत नसे. पण गणपती उठल्यानंतर एका संध्याकाळी भांडण तापलं आणि मामंजी बोलून गेले, "कसला रे तुझा देश? लोकांची पोरं घेतो आणि परत देत नाही."

अण्णांनी अर्धी कॉफी खाली ठेवली. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. दिवाळीच्या फराळालाही आले नाहीत.

मामंजी रोज दोन खुर्च्या मांडून बसत. एकदा मला हाक मारून म्हणाले, "तूच बोल की अण्णाच्या बाजूने, स्वल्प."

मी आपलं म्हटलं, "अण्णांचा राष्ट्राध्यक्ष तरुण आहे बिचारा. शिकेल हळूहळू."

"खरं आहे तुझं," मामंजी म्हणाले. ते चक्क कबूल झालेले पाहून मला भीतीच वाटली. मी म्हटलं, "मामंजी, तुम्हीच जाऊन या ना त्यांच्याकडे." ते टोपी नीट करत म्हणाले, "येईल तो." त्या दोघांचा हट्ट पाहून मला दोघांनाही खोलीत कोंडावंसं वाटे.

मग ती सकाळ आली. रेडिओवर बातमी सांगितली, त्या राष्ट्राध्यक्षाला कुणीतरी गोळी घालून मारलं. मामंजी उठून मागच्या अंगणात गेले, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि नेसत्या धोतरासकट डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं. आपल्या माणसाच्या मृत्यूची बातमी आली की घेतात, तशी ती आंघोळ. सासूबाई धावत आल्या. "अय्यो, कोण गेलं?"

मामंजींनी सांगितलं. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्या रागावल्या. "त्याच्यासाठी आंघोळ? तुमचा कोण लागत होता तो?"

"अगं, तीन वर्षं रोज भांडलोय त्या माणसाशी," मामंजी कुडकुडत म्हणाले. "एवढं मी सख्ख्या भावाशी बोललो नाही. पटत नसेल तर मत देऊ नये, तोंडावर चार शब्द सुनावावेत. गोळी कसली घालता?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पिठलं-भात कर. अण्णाकडे दुःख झालंय."

ज्या घरी कुणी गेलं असेल तिथे चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात जातो. मी केला. डबा घेऊन मामंजींच्या मागे निघाले, तेव्हा खुंटीवरची टोपी खुंटीवरच होती.

अण्णांनी दार उघडलं. आधी डबा पाहिला, मग मामंजींचं ओलं, उघडं डोकं. ते पाहून त्यांचे डोळे भरून आले. "अरे, माझी चूल पेटलीय," ते म्हणाले.

"मग विझव. सुनेने पिठलं केलंय."

दोघे पाटावर बसले. मी पिठलं-भात वाढला. मग मामंजींनी खाली बघत विचारलं, "पोरगा नीट आहे ना तिकडे?"

"नीट आहे. प्रत्येक पत्रात विचारतो, काका अजून माझ्या अमेरिकेला शिव्या देतात का?"

"काय लिहिलंस?"

"या खेपेला उत्तरच धाडलं नाही. काय लिहिणार?"

मामंजींच्या हातातला घास तसाच राहिला. मला तिथे उभं राहवेना, मी पाणी आणायला म्हणून आत गेले.

थोड्या दिवसांनी अण्णा ते पत्र लिहायला आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी कॉफी घेऊन गेले, तर मामंजी टोपी घालून वर्तमानपत्र वाचत होते. नव्या राष्ट्राध्यक्षाचा फोटो आला होता, डोक्यावर ही भली थोरली टोपी.

"झालं ना तुझं समाधान?" अण्णा म्हणाले.

"एवढी मोठी? खाली डोकं आहे की नाही, हे लोकांना कळायला नको?"

अण्णा खदाखदा हसले. मीही हसले, आणि सून असून तिथेच पायरीवर टेकले. "हे लिहू त्याला?" अण्णांनी विचारलं.

"लिही की. घाबरतो की काय मी?" मामंजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. "आणि खाली लिही, काका म्हणतात, तिकडे थंडी फार असते. उघड्या डोक्याने फिरू नकोस, बाळा."