सगळ्या डब्या संशयित

जगात निरपराध अशी वस्तूच नाही, हे माझ्या आत्याचं ठाम मत आहे; आणि डबीत भरून, वर फूल छापून विकायला ठेवलेली तर नाहीच नाही. कुकटपल्लीच्या एका क्रीमच्या कारखान्यात, तपासणी खात्यात तिची उभी हयात गेली. निवृत्त झाली ती फक्त पगारापुरती.

सुवास आला की ती नाकाला पदर लावते. अत्तर तिच्या लेखी अट्टल गुन्हेगार. ग्लिसरीन, ओट, पॅन्थेनॉल ही मंडळी त्वचेची आग शमवतात, म्हणून त्यांच्याशी बोलणं-चालणं आहे. कोरफडीशीही आहे, पण डबीवर तिचं चित्र मोठं आणि मागच्या घटकांच्या यादीत नाव शेवटी, असं दिसलं की तीही संशयितांत जमा. अफझलगंजच्या दुकानात आत्या भिंग लावून डब्यांच्या पाठी वाचत बसते. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, “क्या अम्मा, क्रीम लेने आये की पुलिस थाने से आये?” आत्यानं शांतपणे पुढची डबी उचलली.

वाचून पटलं तरी निकाल हातावरच. कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका, भोवती बॉलपेननं वर्तुळ, त्यात आकडा, आणि दोन दिवस तिथं पाणी लावायचं नाही. माझ्या लग्नात ती पैठणी नेसून, हातावर चार वर्तुळं घेऊन मिरवली. नांदेडच्या पाहुण्या हळूच लांब सरकून बसल्या. हळदसुद्धा तिच्या हातावर दोन दिवस काढल्याशिवाय माझ्या अंगाला लागली नाही. मी चिडलो होतो, हे कबूल करतो.

माझी मुलगी ओवी तीन वर्षांची. कातडी इतकी नाजूक की जरा काही लागलं की गाल लाल. तिच्यासाठी आत्यानं सहा डब्या बाद करून सातवी पास केली आणि विद्यानगरला आमच्या घरी स्वतः आणून दिली. संध्याकाळपर्यंत ओवीचे गाल पेटले. डॉक्टरांच्या औषधानं दोन दिवसांत ती खेळायला लागली. पूर्वी आत्याच्या हाताची हमखास आग करणारं एक क्रीम तिनं पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं. ते कोपराला लावून ती वाट पाहत बसली. दोन दिवसांनी तिनं हात माझ्यापुढे धरला. पुरळ नाही, लाली नाही.

“चमडी बुढ्ढी झाली रे माझी,” ती म्हणाली. “आता ती शिकायतच करत नाही. पोरीला काय लावायचं, ते मी कोणत्या तोंडानं सांगू?”

सगळ्या जगावर संशय घेणारी माझी आत्या स्वतःवरच संशय घेत बसलेली पाहून मला गलबलून आलं. मी बाही वर केली. म्हटलं, ओवी कातडीनं माझ्यावरच गेली आहे, यापुढे माझ्या हातावर लाव.

आता दर नव्या डबीला ती दोनदा येते, एकदा लावायला आणि एकदा बघायला. काही होत नाही म्हणून मी सांगतो. तिचा अर्थातच विश्वास बसत नाही. ती माझा हात खिडकीशी नेऊन उजेडात निरखते, आणि बघून झालं तरी बराच वेळ सोडत नाही. मीही घाई करत नाही.