मधला तारा

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहरूण तलावाला फेरी मारत होतो. दुखणं माहीत होतं, तरी पाय थांबले ते थांबलेच.

भाऊंचा भडगावात फोटो स्टुडिओ. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेलेली. मी जळगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. अशाच एका लग्नात त्यांनी मला पंगतीतून बाजूला घेऊन विचारलं, "सर, दुर्बिणले कॅमेरा लागस का?" लागतो म्हणालो आणि अडकलो. तेव्हापासून पावसाळा सरला की आमच्या संध्याकाळी गिरणाकाठच्या त्यांच्या शेतात जाऊ लागल्या. भाऊंचा जीव जडला तो डंबेल तेजोमेघावर. म्हातारा तारा अंगावरचा वायू सोडून देतो, तो भोवती पसरतो आणि मधे तारा उरतो एवढासा... दुर्बिणीतून नुसता पुसट डाग दिसतो. फोटोमागून फोटो काढून ते संगणकावर एकावर एक रचले की मग हिरवा-तांबडा रंग उमटतो.

पहिला फोटो भाऊंनी चौकटीत घालून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला, पेढे वाटले. मी पाहिला आणि विचारलं, "भाऊ, मधला तारा कुठाय?"

"तो ठिपका? तो मी साफ करी टाका. धूळ व्हती."

जन्मभर नवरीच्या गालावरच्या पुटकुळ्या पुसलेला हात तो! मी पोट धरून हसलो. भाऊ हसले नाहीत. "ज्यानी हाई सगळं करं, त्यालेच मी पुसी टाकं," म्हणाले आणि चौकट उतरवली. लग्न उरकलं की कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायची त्यांची सवय, त्यामुळे मूळ फोटोही गेले होते.

पुढच्या मोसमात आजार निघाला. तरी दिवेलागणीला शाल घेऊन शेतात खुर्ची टाकत. कधी ढग, कधी काचेवर दव. फोटो आधी होतो की... मला धास्ती वाटायची. शेवटी एक स्वच्छ संध्याकाळ मिळाली आणि तो ठिपका आला. भाऊंनी फोटो आला तसा छापला. कोपऱ्यात उपग्रहाची रेघ उमटली होती, तीही राहू दिली.

दशक्रियेसाठी भाऊंचा फोटो मोठा करून आणायचं काम माझ्याकडे आलं. जळगावहून छान उजळ, गुळगुळीत करून नेला. वहिनींनी क्षणभर पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"हाऊ त्यासना फोटो नही, सर. गालवरना तीळ कोठे गया?"

मी तसाच जळगावला परतलो आणि स्टुडिओवाल्याला म्हणालो, काहीही पुसू नका. नव्यानं छापलेला तो फोटो आता त्यांच्या घरी भिंतीवर आहे. वहिनी उदबत्ती लावताना आधी तो तीळ पाहतात.