तेराव्यानंतरचा जितडा

नटमामांचं तोंडच असं होतं की बघणारा हसायचाच. त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. नाक एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, आणि डोळे असे की आत्ताच कोणी यांच्यापुढचं ताट ओढून नेलंय. नाटकात ते नुसते विंगेतून डोकावले तरी मागची पोरं खुर्च्यांवर चढायची. पुढं सिनेमात गेले, भिंतीभिंतीवर त्यांची पोस्टरं लागली, तरी राहिले पेणलाच. माझी बायको सुमन पेणची. तिचा भाऊ गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा आणि कारखान्याला लागून मामांचं घर. म्हणून जगाचे नट ते आमचे मामा. मला ते जावईबापू म्हणायचे.

असलं तोंड घेऊन हा माणूस दुःखाच्या घरी जायचा. पहिल्या दिवशी कधीच नाही. "मयताला गेलो तर लोक मलाच बघत बसतात. मेलेला बिचारा बाजूला राहतो," म्हणायचे. ते जायचे तेरावं झाल्यावर. पाहुणे पांगलेले, शेजारपाजारचा पिठलं-भात बंद झालेला, घरात नुसती भांडी, अशा वेळी. "पहिले दिवस गाव जेवू घालतं, जावईबापू. खरी उपासमार तेराव्यानंतर."

आधी तेही पिठलं-भातच न्यायचे. खारेपाटातल्या एका म्हातारीनं डबा त्यांच्या अंगावरच भिरकावला. "तेरावं झालं न् सुतकातला कडू घास आणतोस? अजून कोण मरायला पायजे काय माझ्या घरात?" मामा पिठल्यानं माखून एसटीत बसले आणि पेणपर्यंत गाडी हसत होती, हे ते स्वतःच सांगायचे. पण म्हातारीचं त्यांना पटलं. तेव्हापासून जितडा. आमच्याकडं तळ्यात पोसलेला हा मासा घरचे खात नाहीत, तो साहेबाला द्यायचा नाहीतर जावयाला. एकानं विचारलं, एवढा मानाचा मासा रडणाऱ्या घरात कशाला घालवता? तर म्हणाले, "दुःख पण साहेबच हाय. जेवल्याबिगर उठत नाय."

औषधपाणी, पोरांच्या शाळा, कोणाच्या छपरावर कौलं, हेही ते करायचे. त्यांनी मिळवलं ते असंच गेलं. पण ते सगळं दुसऱ्या फेरीला. पहिल्या फेरीला फक्त मासा. एकदा एक पेपरवाला कॅमेरा घेऊन मागं लागला. मामांनी पिशवी उघडून धरली. "ह्याचा काढ. माझ्यापेक्षा देखणा हाय."

आमचा संतोष आमच्या रोह्याजवळच्या धाटावला कंपनीत लागला होता. फर्स्ट शिफ्ट सुटून मोटारसायकलवर येत होता, ट्रकनं उडवला. एकुलता एक. सुमन रडली नाही. दारात बसायची आणि नदीवरच्या अष्टमीच्या पुलाकडं बघायची, पोरगा त्याच पुलावरून घरी यायचा म्हणून. जेवण नाही, पाणी द्यावं तर घोटभर. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, अशानं बाई हातची जाईल. मी काय करणार होतो? मला तिला समजावता आलं नाही. मला कधीच कोणाला समजावता आलं नाही.

तेरावं झालं, घर रिकामं झालं आणि मामा आले. पिशवीतून जितड्याची शेपटी बाहेर. सुमननं वर बघितलं आणि फिस्सकन हसली. मग तिचं तिलाच कळलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझं डोकं फिरलं. "कशाला आलात? तमाशा हाय काय हितं?" मी ओरडलो.

मामा उंबऱ्यावर बसले. "हसलीस त्यात पाप नाय गो सुमन. दार गच्च बसलं होतं. कुठून तरी उघडायला पायजे का नको?"

तेव्हा ती रडली. अशी रडली की पलीकडच्या आळीतून बायका धावत आल्या. मामा जागचे हलले नाहीत. रडणं ओसरल्यावर त्यांनी पिशवी पुढं सरकवली. "मला कापता येत नाय गो. आणला खरा, आता वास मारंल."

"एवढे मोठे नट न् मासा कापता येत नाय?"

"नट हाय म्हणून तर."

ती उठली. विळी घेतली, खवले काढले. कालवण झालं. मामा आमच्याबरोबर खाली बसून जेवले, डोक्याचा तुकडा मागून घेतला आणि सुमनच्या ताटातला भात संपेपर्यंत उठले नाहीत. "मीठ कमी पडलं," म्हणाले.

"खा मुकाट्यानं," सुमन म्हणाली.

हे तिचं रोजचं बोलणं होतं. आमच्या घरातून गेलेलं. मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

मामा गेले तेव्हा पेणमध्ये गाड्या मावेनात. मोठमोठे लोक आले, भाषणं झाली. आम्ही दोघं गेलो नाही. तेरावं झाल्यावर गेलो, जितडा घेऊन. बघतो तर ओट्यावर ही गर्दी. खारेपाटातले, रोह्याकडचे, ओळख ना पाळख, आणि प्रत्येकाच्या पिशवीतून शेपटी बाहेर. आधी सगळे एकमेकांकडं बघत राहिले, मग हसायला लागले. मामी आतून आल्या, त्याही हसल्या आणि मग रडल्या. म्हणाल्या, "एवढे कोण कापणार आता? घरात तेच कापायचे. मला विळीला हात लावू द्यायचे नाहीत."

सुमननं माझ्याकडं बघितलं. परतताना ती एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच म्हणाली, "लबाड कुठला."

यंदा सुमन गेली. तेरावं झालं, नातेवाईक गेले. सकाळी भात लावतो, संध्याकाळी गायीला घालतो. दारात पिशवी घासल्यासारखं वाटलं की उठून बघतो. कोण येणार? मामा असते तर शिव्या दिल्या असत्या मी त्यांना, पोटभर. आणि जेवलो असतो.

खालच्या आळीत सुनंदा म्हणून पोर आहे. नवरा गेला तिचा, माझ्या सुमनच्या मागून थोड्याच दिवसांनी. परवा तिच्याकडचे पाहुणे पिशव्या घेऊन स्टेशनकडं जाताना दिसले. मी बाजारात गेलो. जितडा घेतला, सांभाळत नेला आणि तिच्या उंबऱ्यावर बसलो.

ती कोपऱ्यात होती. माझ्याकडं बघून ती हसली नाही. माझं तोंड काही तसलं नाही.

"मला कापता येत नाय गो," मी म्हटलं. माझं तर खरंच होतं. आमच्यात सगळं सुमनच करायची.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "आबा, तुम्ही कधी जेवलात?"

तिनं पदर खोचला आणि विळी पुढं ओढली.