कचरूभाऊंचा कान

नांदूरघाटात कचरूभाऊंच्या दुकानावर आजही ‘लाउडस्पीकर भाड्याने मिळेल’ अशी पाटी आहे, आणि आत एकही लाउडस्पीकर नाही. मिक्सर आहेत, पंखे आहेत, जळालेल्या मोटारी आहेत. पाटी का काढत नाही, असं कुणी विचारलं की कचरूभाऊ पाटीकडेच बघत बसतात, जणू उत्तर तिनंच द्यायचंय. डीजेचे खोके आले आणि भोंग्यांचा धंदा बसला, एवढीच गोष्ट आहे, पण ती त्यांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही.

त्याआधी मात्र त्यांचा थाट होता. लग्न असो, सप्ताह असो, चौदा एप्रिल असो, भोंगे कचरूभाऊंचेच. त्यांचं मशीन व्हॉल्व्हचं होतं. व्हॉल्व्ह म्हणजे बोटाएवढी काचेची नळी. आतली तार तापून लाल होते आणि बारीक आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. दिसायला सगळे व्हॉल्व्ह सारखेच, पण एखादा गोड बोलतो, एखादा घोगरा, एखादा उगाच कुरकुरतो. कार्यक्रमाआधी कचरूभाऊ ते बदलून बदलून बघत आणि उत्तम तेवढेच ठेवत. कचरूचा कान लई तयार, असं लोक म्हणत आणि लोकांचं हे म्हणणं त्यांनी कधी खोडून काढलं नाही. धंदा बसल्यावर सगळे व्हॉल्व्ह जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत गेले.

यंदा दिवाळीला तेलगावचा आदिनाथ दुकानात आला. पोरगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत, पण नाद मात्र व्हॉल्व्हचा. हेडफोनवर गाणी ऐकण्यासाठी त्यानं व्हॉल्व्हचं एक छोटं मशीन स्वतःच जोडलं होतं. त्यात दोन व्हॉल्व्ह लागत, प्रत्येक कानाला एक. नवे घातले तर आवाज कोरडा येतो, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या बापाच्या लग्नात भोंगे कचरूभाऊंचे होते, तेव्हा कानाची कीर्ती त्याच्या घरी पोचलेलीच होती. मशीन आणि हेडफोन टेबलावर ठेवून तो म्हणाला, की पेटीतले जुने व्हॉल्व्ह लावून बघा, तुमच्या कानाला जी जोडी पटेल तीच माझी. रविवारी न्यायला येतो.

कचरूभाऊंना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पेटी उघडली, एकेक काच सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि मोबाईलवर कव्वालीच्या चालीचं एक भीमगीत लावलं. पहिली जोडी ऐकली. छान वाटली. गार होऊ देऊन काढली, दुसरी लावली. तीही छान वाटली. तिसरीही तशीच. जर्मन बनावटीचा, आपला देशी, विलायती, सगळे एकाच तोंडानं बोलत होते. त्यांनी व्हॉल्व्हचे पाय घासले, हेडफोनला नावं ठेवली, मोबाईलला नावं ठेवली, विजेवर खापर फोडलं आणि आवाज वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला.

दुपारपर्यंत त्यांना कळून चुकलं. उमेदीची सगळी वर्षं भोंग्याखाली, मशीनला चिकटून बसण्यात गेली होती. बारीक आवाज कानातून कधी निघून गेले ते समजलंही नव्हतं. आता ते घाबरले. मिक्सर दुरुस्त करणारे गावात आणखीही होते, पण कचरू म्हणजे कान, आणि तो गेला तर पाटीखाली बसायचं तरी कुणाच्या नावावर? जुने व्हॉल्व्ह सादळले, असं पोराला सांगून मशीन परत करायचं त्यांनी मनात पक्कं केलं. थाप तयार झाली, तसं त्यांना फारच वाईट वाटलं.

दुकानाच्या मागच्या पडवीत त्यांची बायको सिंधुबाई तूर निवडत होत्या. हेडफोन टेबलावर पडल्यापडल्या कोकलत होता. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, “आवं, तो काढा. त्याच्यात शिट्टी हाय. मघाचा बरा व्हता.”

कचरूभाऊ जागच्या जागी थांबले. “तुला तितून ऐकू येतंय?”

“मला कायम लांबूनच ऐकायची सवय. न्हाई का?”

होती खरी. भोंगे बांधून झाले की कचरूभाऊ मशीनपाशी बसायचे आणि सिंधुबाई बाजारतळापलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहायच्या. गड्यांना पाठवलं तर ते कशालाही मान डोलवायचे, म्हणून हे काम लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे आलं होतं. आवाज नीट असला की त्या पदराचं टोक वर धरायच्या. नसला की ते हलवायच्या. पदर हलला की कचरूभाऊ व्हॉल्व्ह बदलायचे आणि वर धरला की थांबायचे. गाव बघायचं ते मशीनपाशी बसलेल्या माणसाला. लिंबाखालच्या बाईकडे कोण बघणार? इतक्या वर्षांत खुद्द कचरूभाऊंनीही ही बेरीज करून पाहिली नव्हती.

आता ती झाली आणि त्यांना लाज वाटली. मग मात्र का कोण जाणे, जरा हलकंही वाटलं. जो कान गेला म्हणून ते सकाळपासून रडकुंडीला आले होते, तो जागेवरच होता आणि तूर निवडत होता.

त्यांनी खुर्ची पुसली, सिंधुबाईंना बसवलं आणि डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन चढवला. पदर बाजूला घ्यावा लागतो, हे बाईंनीच सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत जोड्या बदलल्या गेल्या. हा गोणीतून बोलल्यावानी बोलतो. याचं गाणं डाव्या कानात घरात हाय अन् उजव्यात अंगणात. कचरूभाऊ मुकाट्यानं बदलत होते. एका जोडीला त्या बोलायच्या थांबल्या, डोळे मिटून बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, की गाण्यातला पेटीवाला भाता दाबतोय तेसुद्धा कळतंय. ती जोडी मशीनमध्ये राहिली.

रविवारी आदिनाथनं पहिलं कडवं ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. काका, तुमच्या कानाला तोड नाही, असं तो म्हणाला. सिंधुबाई चहा घेऊन आल्या होत्या. नेहमीप्रमाणे कप ठेवून त्या आत वळल्या. एवढं कौतुक बऱ्याच वर्षांनी आलं होतं, घेऊन टाकलं असतं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“कान माझा न्हाई बाबा,” कचरूभाऊ म्हणाले. “हिचा हाय. पहिल्यापास्नं हिचाच व्हता, मी निस्ता व्हॉल्व्ह बदलायचो.”

सिंधुबाई दारात थबकल्या. असलं काही ऐकायची सवय नसल्यामुळे त्यांनी चहा गार होतोय एवढंच सांगितलं. पण आत काही गेल्या नाहीत, तिथेच स्टुलावर बसल्या. आदिनाथ मग त्यांच्याकडेच वळला. त्याच्या मित्राचंही असंच मशीन होतं. मावशी, त्याच्यासाठी एक जोडी ऐकाल का, असं त्यानं विचारलं. बाई ऐकते म्हणाल्या.

मित्राचं मशीन पंधरवड्यानं आलं. कचरूभाऊंनी पेटी उघडली, जोडी लावली आणि तार तापायची वाट बघत बसले. हातभर अंतरावर सिंधुबाई हेडफोन लावून बसल्या होत्या. आवाज चांगला लागला. तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी सवयीनं पदराचं टोक वर धरलं, आणि कचरूभाऊंनी हात थांबवला.