वरातीत लावलेलं जुनं गाणं

माझ्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात नवरदेव मांडवाच्या दारापर्यंत आला आणि तिथून निघून गेला. त्याला घालवणारा मी होतो.

मी दिगंबर. धाड या गावी माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस तसा गरीब स्वभावाचा, फक्त गाण्याचा विषय निघाला की पेटतो. हल्लीची गाणी ही गाणी नसून शिक्षा आहे, असं माझं ठाम मत होतं (होतं म्हणतोय, का ते कळेलच). गिऱ्हाईक कपाशीचं बियाणं मागायला यायचं आणि जुनी गाणी श्रेष्ठ का, यावर माझं भाषण ऐकून जायचं. कधी कधी बियाणं न घेताच जायचं!

घरात मात्र या भाषणाला कुत्रं विचारत नव्हतं. माझी बायको सुनंदा पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "तुमच्या गान्याले तुमचे बाबा काय म्हनत होते, आठवते का?"

"ते येगळं."

"माकडचाळे म्हनत होते! रेडिओ बंद करत होते. मी नवी नवरी होती, म्या सोता पाह्यलं."

"बाबाले गान्यातलं काय समजत होतं?"

"हेच त सागर तुमच्याबद्दल म्हनते," ती म्हणायची आणि पोळी तव्यावर टाकायची. त्या पोळीचा आवाज मला टाळीसारखा यायचा.

सागर म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा मुलगा. लग्न त्याचंच. मुलगी पिंपळगाव राजाची, वैष्णवी. मुहूर्त गोरज, वरात घोडीवरून, आणि पुढे डीजे. या शेवटच्या कलमावरून आमच्या घरात जे पेटलं, ते साखरपुड्यापासून लग्नापर्यंत विझलं नाही.

"काका, डीजे त पाह्यजेच," सागर म्हणाला.

"अन् मी पाह्यजे का नाई वरातीत?"

सागर विचारात पडला. (हे मला फार लागलं.)

शेवटी दादांनी, म्हणजे सागरच्या वडिलांनी, तडजोड काढली. वरात सगळी डीजेवाल्याची. पण मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचा शेवटचा तुकडा माझा. तेवढ्यात माझ्या पसंतीचं एक जुनं गाणं वाजेल.

"नवरदेवानं कसं सुरात मांडवात शिरलं पाह्यजे!" मी म्हणालो.

"शिरू दे बाप्पा, कसा बी शिरू दे," दादा म्हणाले. "पन आता तू चूप राह्य!"

लग्नाच्या दिवशी पिंपळगावात उतरलो तेव्हा ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. डीजेची गाडी आधीच येऊन उभी. ट्रकवर भिंतीएवढे भोंगे, मागे जनरेटर, आणि वर विक्की नावाचा, हातभर गोंदवलेला डीजेवाला. मी त्याच्या हातात माझा पेन ड्राइव्ह ठेवला.

"याच्यात एकच गाणं हाये. मी हात वर केला का लावायचं."

"कोनतं हाये काका? बीट कसा हाये त्याचा?"

"बीट नाई त्याले. भाव हाये."

विक्कीने पेन ड्राइव्ह असा धरला, जणू मी त्याच्या हातात औषधाची गोळी दिलीय.

घोडीवाला बब्बूभाई, आणि घोडी चांदनी. पांढरीशुभ्र, कपाळावर आरसे, पायात घुंगरं. ती खामगाव रस्त्यावरच्या एका वस्तीवरून आली होती. सागर शेरवानी, फेटा आणि मुंडावळ्यांसकट वर चढला आणि विक्कीने भोंगे उघडले.

काय सांगू! माझ्या शर्टाच्या खिशातला चष्मा नाचायला लागला. गाणं होतं "पोरी तुझ्या स्कुटीचा हॉर्न वाजे पीं पीं पीं". अर्थ म्हणाल तर यापुढे काही नाही. पीं पीं पीं झालं की धडाम्, धडाम् झालं की पुन्हा पीं पीं पीं. पोरं नाचली, बाया नाचल्या, दादा नाचले (गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं!), आणि चांदनी तर अशी ठेक्यात पाय टाकत होती की वाटावं, गाणं हिनेच लिहिलंय. संपलं की पोरं ओरडायची, "वन्स मोर!" आणि विक्की पुन्हा तेच लावायचा. मी कानात बोटं घालून सुनंदाला म्हणालो, "याले गानं म्हनतात का?"

"काय?" ती नाचता नाचता ओरडली.

मारुतीचं देऊळ आलं. सागर उतरून पाया पडला, परत चढला. समोर मांडव दिसत होता. वैष्णवीचे आईवडील दारात ओवाळायचं ताट घेऊन उभे. माझा क्षण आला होता. मी हात वर केला.

विक्कीने गाणं लावलं. आहाहा! हलकीशी बासरी, मग ती धीमी सुरावट, चांदणं, नदी, कोणीतरी कोणाची तरी वाट पाहतंय... वरात जागच्या जागी थांबली, वीज गेल्यासारखी. मी डोळे मिटले. हात हवेत. मला वाटलं, लोक भारावलेत.

डोळे उघडले तर चांदनी उलट्या पावली मागे सरकायला लागली होती.

आधी कोणाला काही वाटलं नाही. व्हिडिओवाला तर म्हणाला, "भारी! अजून थोडं मागं जाऊ द्या!" पण चांदनीला त्याच्या परवानगीची गरज नव्हती. ती वळली, गर्दीने तिला अदबीने वाट दिली, आणि ती दुडक्या चालीने रस्त्याला लागली.

"काका!" वरून सागर ओरडला. "हे कुठी चालली? काका!"

बब्बूभाई तेव्हा मांडवाच्या कडेला सरबत पीत उभा होता. गाणं कानावर पडलं तसा त्याच्या हातातून पेला सुटला.

"ये गाना किसने लगाया बे?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"अरे भाऊ! हा विक्की रोज वरात संपल्यावर वायरी गुंडाळताना असंच धीमं गानं लावते! तिले वाटलं छुट्टी झाली! घर जा रही वो!"

"लाव रे स्कुटी!" मी विक्कीकडे धावलो. भोंगे घोडीकडे व्हावेत म्हणून विक्कीने घाईघाईत गाडी मागे वळवायला सांगितली, चाकाखाली जनरेटरची वायर आली, एक मोठा फटाक् झाला आणि सगळे भोंगे बंद. पिंपळगावात इतकी शांतता पसरली की दूर जाणारी घुंगरं स्पष्ट ऐकू येत होती.

आणि त्या शांततेत मांडवातून बातमी फिरू लागली. दारातला माणूस म्हणाला, नवरदेव गेला. त्याच्या मागचा म्हणाला, नवरदेव पळून गेला. स्वयंपाक्यांपर्यंत पोचेस्तोवर, नवरदेवाले पोरगी पसंत नाई, तो दुसरीकडं लग्न लावाले चालला! वैष्णवीच्या आईने हातातलं ताट खाली ठेवलं. वडील बिचारे दादांपुढे हात जोडून उभे राहिले. "काही चुकलं का आमचं? मानपानात काही कमी राह्यलं का?"

दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आणि नवरीचे मामा, ज्यांच्या एका हातात माझे दोन्ही दंड मावले असते, बाह्या सरसावत माझ्याकडे आले.

"तुमचा पुतन्या कुठी गेला?"

"तो नाई गेला हो... घोडी गेली."

"मंग घोडी काऊन गेली?"

आता यांना काय सांगू! की तिला गाण्यातला भाव समजला नाही? त्या घडीला मला खरंच माझी लाज वाटली. आत एक मुलगी हळद लावून, हिरवा चुडा भरून बसली होती, आणि माझ्या हौसेपायी तिच्या दारातून वरात परत गेली होती. मी समोर उभी दिसली ती मोटारसायकल सुरू केली (कोणाची होती ते नंतर कळलं, मामांचीच!), बब्बूभाई मागे बसला आणि आम्ही निघालो.

गावाबाहेर रस्त्यावर पुढे चांदनी, निवांत, काम आटोपून घरी निघालेल्या माणसासारखी. वर सागर, एका हाताने फेटा सावरतोय, दुसऱ्या हाताने लगाम ओढतोय. समोरून एसटी आली. खिडक्या खिडक्यांतून मुंडकी बाहेर आली. कंडक्टर ओरडला, "नवरदेव, वरात कुठी ठेवली?"

"मागं हाये!" सागर रडवेला होऊन म्हणाला.

मी गाडी जवळ नेली तशी चांदनी जोरात पळायला लागली.

"पास मत जाओ!" बब्बूभाई कानात ओरडला. "वरातीचं गानं लावा, गानं! मोबाईलमंदी लावा! थांबते ती!"

"माझ्या मोबाईलमंदी जुनीच गानी हायेत!"

"डाऊनलोड करा!"

"रेंज नाई! तुमचा मोबाईल काढा!"

"मांडवात चार्जिंगले लावला!" मग तो एकदम गंभीर झाला. "भाऊ, तुमी म्हना."

"मी? ते स्कुटीचं? मले येत नाई ते. तसलं गानं मी ऐकत बी नाई!"

"भाऊ, शादी का सवाल है."

मी तोंड उघडलं. आणि आजही मला कळत नाही ते कुठून आलं, पण अख्खं गाणं बाहेर पडलं. पोरी तुझ्या स्कुटीचा हॉर्न, पीं पीं पीं! धडाम्! मधलं ते "हात वरती, समदे हात वरती!" तेसुद्धा! चांदनीचे कान उभे राहिले. तिने चाल मंद केली. आणि बघता बघता भर रस्त्यात, दोन्ही बाजूंना नांगरलेली वावरं, वर तापलेलं आभाळ, अशा ठिकाणी ती ठेक्यात पाय टाकायला लागली.

"थांबू नका काका!" सागर वरून ओरडला. "जमून राह्यलं!"

परत फिरायची युक्ती बब्बूभाईची. गाडी तो चालवणार, मी त्याच्या मागे उलटा, घोडीकडे तोंड करून बसणार, आणि गात राहणार. पहिलं कडवं संपल्यावर श्वास घ्यायला मी थांबलो मात्र, चांदनीने मान घराकडे वळवली! मी तसाच, श्वास न घेता, दुसऱ्या कडव्यात शिरलो. घसा सुकला. एक वावटळ अंगावरून गेली, तोंडात धूळ गेली, मी धुळीसकट पीं पीं केलं. शेतात काम करणाऱ्या बाया उभ्या राहून हसत होत्या. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. त्याला वाटलं असावं, नवरदेवाकडच्या कोणाला तरी उपचाराला घेऊन चाललेत.

अशा थाटात आमची वरात पिंपळगावात दुसऱ्यांदा शिरली. डीजे मुका, विक्की ट्रकवर तोंड वासून उभा, आणि मी मोटारसायकलवर उलटा बसून दोन्ही हात वर करून, "समदे हात वरती!" काय सांगता, समद्यांनी हात वर केले! पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला, बायांनी तोंडाने पीं पीं पीं सुरू केलं, आणि चांदनी नाचत नाचत थेट मांडवाच्या दारात येऊन थांबली. मामांनी सागरला घोडीवरून अलगद, नारळ उतरवावा तसा उतरवला. मांडवालगतच्या घराच्या खिडकीत वैष्णवी आली होती. ती इतकी हसत होती की तिच्या मुंडावळ्या कानावर आल्या होत्या. ते हसू पाहिलं तेव्हा कुठे मी वर केलेले हात खाली घेतले.

मंगलाष्टका मुहूर्तावर झाल्या. अक्षता पडल्या. वैष्णवीच्या आईने माझ्या हातात पाण्याचा गडवा दिला आणि म्हणाली, "भाऊजी, लय गायले हो तुमी." मी गटागट पाणी प्यालो आणि पंख्याखालच्या खुर्चीत अंग टाकलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सुनंदा जिलेबीचं ताट घेऊन शेजारी येऊन बसली.

"दुसरं कडवं बी पाठ होतं?"

"कानावर पडलं असंल कुठी."

"बरं, ते तुमच्या पसंतीचं जुनं गानं, त्याचं दुसरं कडवं म्हना बरं."

मी आठवायला लागलो. चांदणं... नदी... पुढे? नदीच्या पुढे काहीच नाही! इतकी वर्षं ज्या गाण्यावर भाषणं ठोकली, त्याचं मला एकच कडवं येत होतं. मी जिलेबी तोंडात घातली. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

"आपल्या वयातली गानी आपल्याले ग्वाड वाटतात," सुनंदा म्हणाली. "बाबाईले त्याईची, तुमाले तुमची, सागरले त्याची. त्याच्यात भांडाचं काय हाये?"

मी मान डोलावली. (तोंड भरलेलं होतं म्हणून नाही, पटलं म्हणून.) त्या दिवसापासून मी तो वाद सोडून दिला. दुकानात भाषण बंद झालं आणि गिऱ्हाइकं चक्क बियाणं घेऊन जायला लागली.

पाठवणी आटोपल्यावर बब्बूभाई माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, तुमचा नंबर देऊन ठेवा. कधी डीजे बंद पडला त तुमालेच बलावतो."

माझी छाती फुगली. म्हटलं, चला, आयुष्यात कोणीतरी गाण्यासाठी बोलावणार!

"कोनतं गानं म्हनू? नवंच पाह्यजे का?"

"नवं-जुनं तिले काय समजते भाऊ! कोनतं बी म्हना. बस, सुर में मत गाना. सूर लागला का तिले घर आठवते."

मी त्याच्या हातावर हात मारला. "बब्बूभाई, ते तुमी फिकरच करू नका. माझा आजवर एकदा बी लागला नाई!"