अध्यक्षांचे सदरे

लाँड्रीवाल्या काकूंची कांजी कडक, जीभ त्याहून कडक. पण शहरात लाँड्री ती एकच, त्यामुळे तीस वर्षे नगरपालिकेतल्या यच्चयावत साहेबांचे कपडे त्यांच्याकडेच येत. धुवायचे घरामागच्या हौदावर आणि वाळत घालायचे शहराबाहेरच्या माळावर, बारा दोऱ्यांवर.

त्या माळाला लागूनच कचरा टाकायचे ठरले. कागदावर कारण दिले होते, ‘जागा ओसाड, हरकत नाही.’ टेकडीवरच्या बंगल्यांमागेही तेवढीच ओसाड जागा होती. पण तिथे हरकत घेणारे वकील राहत. महिनाभर गाड्या नेऊन पाहायच्या आणि मग कायमचा ठराव करायचा, असा बेत होता.

काकूंनी अर्ज दिला. कारकुनाने तो घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

“दोऱ्या दुसरीकडे बांधू,” काका इस्त्री फिरवत म्हणाले.

“कुठे? तुमच्या डोक्यावर?”

गाड्या आल्या, कचरा पेटला. धूर थेट दोऱ्यांवर. काकूंनी कपडे पुन्हा धुतले, तरी वास हटेना. काकांनी अत्तराची बाटली काढली.

“ठेवा ती परत. कचरा त्यांचा, वास त्यांचा. ज्याचा त्याला पोचवायचा.”

चौथ्या दिवशी अध्यक्षांच्या पत्नी गाठोडे घेऊन दारात उभ्या.

“अहो काकू, काल सभेत यांच्या शेजारी कुणी बसेना. साबण बदललात का?”

“साबण तोच आहे, बाई. शेजार बदलला.”

“मग वाळवा ना दुसरीकडे.”

“वाळवते की. तुमच्या अंगणात बारा दोऱ्या मावतील?”

बाई गाठोडे तिथेच ठेवून गेल्या. महिना भरायच्या आतच माळाची जागा ‘तांत्रिकदृष्ट्या अयोग्य’ ठरली. काका खूश झाले. काकू मात्र गाड्या कुठे वळतात ते पाहत राहिल्या. गाड्या दगडखाणीमागच्या वस्तीकडे वळल्या. तिथे साहेबांचे काहीच वाळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकू दोन गाठोडी आणि सहा दोऱ्या घेऊन त्या वस्तीत गेल्या. दारात भांडी घासणाऱ्या बाईने वर पाहिले.

“कुणाकडे आलात?”

“तुझ्याकडेच. इथे दोऱ्या बांधायला जागा आहे?”

“इथे? या धुरात? कपडे कुणाचे आहेत?”

“अध्यक्षांचे,” काकू म्हणाल्या. “धर एक टोक.”