स्वप्नं विचारणाऱ्या बाई

कुणाच्याही घरी गेलं की चहा येईपर्यंत बाई गप्प बसत. मग घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाकडे वळून हळूच विचारत, "इतक्यात काही स्वप्न पडलं का?" जमीन कुठली मिळाली, पाणी कधी आलं, असले प्रश्न आम्हा विद्यार्थ्यांच्या जिभेवर तयार असत. बाई त्यातलं काही विचारत नसत. मानवशास्त्राच्या एम. ए.ला त्या आम्हाला सामाजिक न्याय शिकवायच्या. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना आवडत नसे, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई.

त्या आम्हाला नेहमी सांगली जिल्ह्यातल्या एका वसाहतीत नेत. धरण झालं तेव्हा कोयनेच्या खोऱ्यातून उठवून आणलेली ही माणसं. चहूबाजूंनी ऊस, सकाळी त्यावर धुकं, आणि कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. धुक्यात घरं तरंगत असल्यासारखी दिसत. तिथल्या सरूआजी परकरात असताना गाव सोडून आल्या होत्या. बाईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पडतंय की सपान. आई चूल पेटवतीया, आन् दारात नदी."

"घर कुठलं असतं, आजी?"

"जुनंच. हितलं घर अजून सपनात येत न्हाई."

परतताना इस्लामपूरपर्यंत बाई एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "माणसं कुठे राहायला आली ते सातबारा सांगतो. ती कुठून अजून निघालीच नाहीत, ते स्वप्नातच कळतं." त्या स्वप्नांचं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. वर्गात शिकवता शिकवता त्या मधेच थांबत, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा कुणाचं तरी स्वप्न असणार, ते आम्हाला समजायचं.

त्या हिवाळ्यात सरूआजींचे थोरले दीर वारले. आम्ही वसाहतीतच होतो. नदीकडे जाणारी वाट एका मूळ गावकऱ्याच्या उसाच्या बांधावरून जायची. त्यानं तिथे नुकतीच तार ओढली होती. तिरडी तारेपाशी थांबली.

"हितनं न्यायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमचा मसणवटा तुमच्या गावात."

"पावणं, आमचं गाव पाण्यात हाय," सरूआजींचा मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

बाईंनी हातातला रेकॉर्डर बंद करून माझ्याकडे दिला आणि त्या तारेसमोर खाली बसल्या. मागून आलेल्या बायका एकेक करून त्यांच्याशेजारी टेकल्या.

"आवं मॅडम, तुमी कशाला ह्यात?" तारेपलीकडून तो म्हणाला.

"मी यांच्याकडे पाहुणी आहे," बाई म्हणाल्या.

धुकं विरलं, ऊन चढलं. खांदेकरी आळीपाळीने खांदा बदलत राहिले. शेवटी त्या माणसाची म्हातारी आई काठी टेकत आली. तिरडीकडे तिनं बराच वेळ पाहिलं, मग मुलाकडे न बघता तारेचा पीळ स्वतःच सोडवायला लागली. मुलगा घटकाभर तसाच उभा राहिला. मग पुढे होऊन त्यानं तिच्या हातातून तार घेतली आणि बाजूला ओढली.

पण कायमची वाट हवी होती. त्यासाठी वसाहतीतल्या बायका तालुक्याच्या कचेरीसमोर बसल्या, आणि बाई त्यांच्यात बसल्या. ही बातमी विद्यापीठातल्या आमच्या विभागात पोचली. संशोधकानं बाजू घ्यायची नसते, असं त्यांना बैठकीत सुनावण्यात आलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मी बाजू घेतली नाही. बसले होते तिथून उठले नाही, इतकंच." त्यांचा प्रकल्प बंद झाला. पुस्तक झालंच नाही. पुढच्या वर्षी वाट मात्र झाली. बाई चपला हातात घेऊन तिच्यावरून नदीपर्यंत चालत गेल्या, थोडा वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या.

निवृत्तीआधीच नोकरी सोडून त्या साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. मी सांगलीत शिकवू लागले. भेटी विरळ होत गेल्या. मागच्या वर्षी गेले तेव्हा बहीण दारातच म्हणाली, "ओळखतीलच असं नाही हं." बाई खिडकीशी बसल्या होत्या. ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांत शिरलं होतं. त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं, पण अगदी मन लावून पाहिलं.

"तुम्ही कुठल्या?"

"कुपवाडची."

"तिथे काय असतं?"

मी सांगू लागले. वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप, लोखंडाचे निळसर तापलेले छिलके, त्यांच्या शर्टाला कायम येणारा तेलाचा वास. ते गेल्यावर मशीन विकलं तेव्हा घर कसं मुकं झालं, तेही सांगितलं. बाईंच्या हाताखाली शिकत होते तेव्हा यातलं काही मी त्यांच्याजवळ बोलले नव्हते. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. ऊन खिडकीवरून उतरून जमिनीवर आलं, तरी मी बोलतच होते.

निघताना मी वाकून नमस्कार केला. बाईंनी माझा हात धरून ठेवला.

"पुन्हा या," त्या म्हणाल्या. "आईबद्दल तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."